शंखातल्या जिवाचं घर

एका राज्यात समुद्राकाठी चंडसेन नावाचा राजा होता. त्या राज्याचा नेम असा, की समुद्राने आपण होऊन किनाऱ्यावर टाकलेलाच शंख फुंकायचा. पण राज्याभिषेकाला चंडसेनाला सर्वांत मोठा शंख हवा होता, आणि तोही लगेच. त्याचा शंखवाला केरोबा प्रवाळात उतरला. हातभर लांबीची जिवंत गोगलगाय त्याने वर काढली. आतला जीव ओढून पाण्यात फेकला, शंखाचं टोक कापलं आणि फुंकर मारली.

नाद उठला, आणि घरी त्याच्या बायकोचे, भिवरीचे, तळपाय पोवळ्याचे झाले.

दर भरतीला पोवळं वर चढू लागलं. कमरेशी आलं, तेव्हा छपरावर समुद्रघार येऊन बसली.

"शंखवाल्या, ज्याला बेघर केलंस त्याचा हा शाप आहे. राजाकडून शंख मागून आण. त्या जिवाभोवतीचे काटेरी तारामासे दूर कर. मग त्याला घरात बसव. आजच्या भरतीनंतर उपाय नाही."

भिवरी म्हणाली, "अहो, जा. माझ्याकडे बघत बसून काय होणार आहे?"

केरोबा दरबारी धावला. "महाराज, शंख द्या."

"आणि अभिषेक काय थाळी बडवून करू?"

"महाराज, आपली नखं पाहावी."

राजाने पाहिलं. नखं लालभडक आणि दगडासारखी झाली होती. त्याने शंख असा टाकला, जसा काही विंचू टाकला.

केरोबाने बुडी मारली. पूर्वी तो जीव तारामासे खात असे, आता तारामासे त्याला खायला जमले होते. केरोबाने ते उघड्या हातांनी उपटले. हात सुजून भोपळे झाले. भरती चढतच होती. त्याने जीव शंखाशी धरला. जीव आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"घरात पाणी शिरतं," जीव म्हणाला.

"टोकाला भोक आहे. मीच पाडलं."

"मग तूच बुजव."

केरोबाने वाळू भरली, ती वाहून गेली. शेवाळ कोंबलं, तेही निघालं. वरून घार ओरडली, "पोवळं गळ्याशी आलं!"

छातीत एकच श्वास उरला होता. केरोबाने भोकाला ओठ लावले आणि तो श्वास हळूहळू आत सोडला. श्वासाचा शिंपला झाला. भोक बुजलं, पण ओठांची कातडी त्यातच राहिली. जीव आत सरकला आणि त्याने दाराशी झाकण ओढून घेतलं.

केरोबा कसाबसा वर आला. पुन्हा कधी शंख फुंकता येणार नव्हता, हे त्याला कळलं होतं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. तो घराकडे पळत सुटला. घरात काय दिसेल, या धास्तीने उंबऱ्याशीच थबकला.

आतून भिवरीचा आवाज आला, "अहो, पायाला मुंग्या आल्यात माझ्या. जरा चोळा."

राजाचा अभिषेक नगाऱ्यावर झाला. राज्य राज्याच्या जागी राहिलं, समुद्र समुद्राच्या.