अत्तरवाल्याची चांदीची डबी

एकदा एक अत्तराचा व्यापारी दुकानातल्या गादीवर बसल्या जागी मरायला टेकला. नझीरशेठ त्याचं नाव. छातीवर जातं ठेवल्यासारखा भार, डावा हात जड, कपाळावर घाम. समोर कुमुद उभी होती, पेठेतल्या वृद्ध डॉक्टरांच्या हाताखाली शिकणारी नवी डॉक्टरीण. शेठच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आखडतात हे निदान महिन्याभरापूर्वी तिनेच केलं होतं, आणि दुखलं की जिभेखाली धरायच्या गोळ्याही तिनेच दिल्या होत्या. शेठने चांदीच्या डबीतली एक गोळी जिभेखाली धरली, पण गुण आला नाही. पाच मिनिटांनी दुसरी धरली, तीही वाया गेली.

शेठची बायको राबियाबी तोंडाची तिखट. ती कुमुदला म्हणाली, "खडू दिलास का गं माझ्या माणसाला? डॉक्टरकी करतेस का भातुकली खेळतेस?"

मोठ्या इस्पितळात न्यायला कुमुदने जीप मागवली होती, डॉक्टरांना निरोप धाडला होता. गोळ्या फुकट गेल्या म्हणजे आपलं निदानच चुकलं, आणि हा माणूस आपल्यामुळे चालला, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

डॉक्टर आले. कुणाची विचारपूस केली नाही. शेठची नाडी धरली, रक्तदाब पाहिला, पिशवीतून तपकिरी काचेची बाटली काढली आणि तिच्यातली एक गोळी शेठच्या जिभेखाली ठेवली. चारेक मिनिटं गेली. मग शेठने पोटापासून श्वास सोडला.

"उतरलं," तो म्हणाला.

जीप यायला अजून वेळ होता. तेवढ्यात डॉक्टरांनी भलतंच केलं. शेठची चांदीची डबी उघडली, कापसावरची एक गोळी उचलली, स्वतःच्या जिभेखाली धरली आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. कुमुद घाबरली. या वयात, दुखत नसताना कोणी हे औषध घेतं का? पण थोड्या वेळाने डोळे उघडून ते म्हणाले, ताज्या गोळीने होतं तसं डोकं ठणकलं नाही, जीभ चुरचुरली नाही, हिच्यात काही उरलेलंच नाही.

मग त्यांनी शेठला विचारलं, की गोळ्या डबीत कधी काढल्या. शेठ म्हणाला, पहिल्याच दिवशी. गोळ्या आल्या ती साधी बाटली चार माणसांत काढायला बरी दिसेना, म्हणून अत्तराच्या फायासाठी ठेवलेल्या डबीत, कापूस घालून, नीट ठेवल्या.

"शेठ, अत्तर असं ठेवाल?"

शेठने डबीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर कुप्यांची बुचं घट्ट लावणारा माणूस तो. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

कुमुदला मात्र डॉक्टरांनी जवळ बसवलं. "निदान तुझं बरोबर होतं. सांगणं अर्धं राहिलं. गोळीतलं औषध उडून जाणारं आहे, ते बाटलीतच ठेवायचं, हे तू बोलली नाहीस. आता त्याचं काम ऐक. रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. रक्त घासून वाहू लागलं की ते अस्तर एक वायू सोडतं, नायट्रिक ऑक्साइड. गाड्यांच्या धुरात असतो तोच. त्याला दार लागत नाही, वाट लागत नाही. तो पेशीच्या भिंतीतून आरपार जातो आणि शेजारच्या स्नायूला सांगतो, सैल हो. स्नायू सैल झाला की वाहिनी रुंदावते. आणि निरोप देऊन काही क्षणांत तो वायू संपतो. शरीर त्याचा साठा करत नाही. लागेल तेव्हा, लागेल तिथे, ताजा तयार करतं. शेठचं अस्तर आता थकलंय, म्हणून अंगात गेल्यावर हाच वायू सोडणाऱ्या गोळीतून तो निरोप आपण धाडतो. आणि शेठनी नेमका तोच डबीत साठवायला घेतला."

चूक होतीच, पण माणूस समोर जिवंत बसला होता आणि पाणी मागत होता. आपण बाटलीबद्दल बोललो नाही, हे कुमुदने स्वतःहून शेठला सांगितलं. शेठने असू दे म्हणून नुसता हात हलवला.

जीप आली. उतरलं तरी तपासणी टळत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि तपकिरी बाटली कुमुदच्या हातात दिली. शेठला मागे आडवं केलं. राबियाबी चढता चढता थांबली. असली बाई मनातलं चांगलं चार दिवस मुरवत ठेवते, मग म्हणते कशाला बोलायचं. तिने तसं केलं नाही.

"पोरी, मघाशी मी नको ते बोलले. ये, इथे माझ्याशेजारी बस. त्यांचा हात तूच धर, तुला कळतं."

इतका वेळ कानांशी चढलेले कुमुदचे खांदे आपसूक खाली आले. ती चढली आणि तिने शेठची नाडी धरली.

शेजाऱ्याला सैल करणारा शब्द तेव्हाच सोडावा. साठवून ठेवला की त्याचा खडू होतो.