तुंदिलाचा उपाशी अतिथी

पूर्वी त्रेतायुगात, जेव्हा देवांना पृथ्वीवर पायी यायला कमीपणा वाटत नसे आणि ऋषींचे शब्द फुकट जात नसत, तेव्हा विंध्याच्या दक्षिण उतारावर, वेत्रा नावाच्या नदीच्या काठी एक आश्रम होता. उंबर, पळस आणि इंगुदी यांच्या दाट छायेत वसलेला, होमधुराने सदैव सुगंधित, हरिणांच्या खुरांनी अंकित झालेल्या अंगणाचा तो आश्रम ज्या मुनीचा, त्याचे पित्याने ठेवलेले नाव ऊर्जयोनी. पण त्या नावाने त्याला त्याची आईसुद्धा हाक मारीत नसे. त्याचे पोट नगाऱ्यासारखे गोल, मान आखूड, मांड्या केळीच्या खांबासारख्या. म्हणून सगळे त्याला तुंदिल म्हणत.

हा तुंदिल चारही वेद जाणत होता. पण त्याची कीर्ती वेदांनी झाली नव्हती, अतिथींनी झाली होती. दारी कोणीही येवो, राजा येवो की रक्तपिती झालेला भिकारी येवो, तुंदिल स्वतः उठे, कोमट पाण्याने त्याचे पाय धुई, दर्भासन देई, दही-मध-तुपाचा मधुपर्क पुढे ठेवी आणि म्हणे, “आलात, बरे झाले. बसा.” नाव विचारायचे नाही, रूपाला नाव ठेवायचे नाही, घास मोजायचे नाहीत, असे त्याचे कडक नियम. त्याच्या वरताण म्हणून एकदा भर अग्निशाळेत हातावर पाणी घेऊन तो बोलून गेला होता, “ज्या दिवशी माझ्या आश्रमात अतिथी उपाशी राहील, त्या दिवसाचे माझे सारे तप त्या अतिथीचे होवो!”

असा माणूस सुखाने जगायचा. पण एकदा तो महासत्राला गेला. शेकडो ऋषी जमले होते. जटाधारी, वल्कलधारी, तेजःपुंज, आणि सगळे काटकुळे. तुंदिल दर्भासनावर बसला आणि आसन त्याच्याखाली दिसेनासे झाले. तेव्हा शुष्करोमा नावाचा ऋषी, ज्याच्या बरगड्या लांबून मोजता येत, मोठ्याने म्हणाला, “यज्ञाला अजून आरंभ नाही, आणि आहुतीचे पुरोडाश कोणाच्या पोटात गेले ते आता कळले!”

सारी सभा हसली. ऋषी झाले म्हणून काय, हसायला मिळाले की हसतातच. तुंदिलही हसला. पण त्या दिवशी तो जेवला नाही, आणि घरी परत आला तो दुसराच कोणी होऊन.

“ऊर्णे,” तो पत्नीला म्हणाला, “हा देह माझा वैरी आहे. मी तप करीन, ब्रह्मदेवाला प्रसन्न करीन आणि विजेसारखा सडपातळ, सुवर्णासारखा कांतिमान, क्षुधारहित देह मागून घेईन. हे गाठोडे मला नको.”

ऊर्णा जात्यावर निवाराचे रानधान्य दळीत होती. ती म्हणाली, “त्या शुष्करोम्याची बायको मला भेटली होती. तो घरात तीन वेळा जेवतो. त्याच्या अंगाला लागत नाही, एवढेच.”

पण ऐकतो कोण? तुंदिलाने घोर तप आरंभले. ग्रीष्मात चार अग्नींच्या मध्ये, शिरावर पाचवा अग्नी म्हणून सूर्य घेऊन बसला; शिशिरात वेत्रेच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभा राहिला; चार दिवसांतून एकदा मूठभर कडू पाला, बाकी वारा. पोट गुरगुरले की त्यावर मूठ हाणी आणि म्हणे, “गप्प बस, चांडाळा! तुझ्यामुळे माझी सभेत शोभा झाली!” अतिथी आला की मात्र तप बाजूला ठेवून तो उठे, पाय धुई, गोड बोलून पोटभर वाढी, आणि पुन्हा जाऊन स्वतःला छळायला बसे. अशी बारा वर्षे गेली. पोट गेले, मांड्या गेल्या, कातडी रिकाम्या पखालीसारखी लोंबू लागली. पण ब्रह्मदेव काही आला नाही. एवढ्या तपाने खरे तर इंद्राचे आसन तापायचे. इथे मुंगीसुद्धा वाट सोडीना.

तेव्हा तुंदिलाने ठरवले, की तीन दिवसांनी येणाऱ्या पौर्णिमेपासून पाणीही सोडायचे.

ऊर्णेने ते ऐकले आणि जाते थांबवले. “म्हणजे मरायचे,” ती म्हणाली. “सरळ सांगा ना तसे.”

“वर मिळेल किंवा देह पडेल. दोन्हीकडून याची कटकट संपेल.”

“तो देह माझ्याही ओळखीचा आहे, नाथ. मला कधी विचारलेत?” असे म्हणून ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मध्यान्ही एक वृद्ध ब्राह्मण दारात उभा राहिला. पोट तुंदिलाच्या पूर्वीच्या पोटाहून दुप्पट, वर्ण तांबूस, पाय चिखलाने माखलेले. तुंदिल काठी टेकत उठला. त्याने त्याचे पाय मांडीवर घेतले, बोटांच्या बेचक्यांतला चिखल काढला, टाचांच्या भेगांना तूप लावले. ब्राह्मण म्हणाला, “मुने, माझे हे पोट बघून तुला हसू येत नाही?”

“भगवन्,” तुंदिल कळवळून म्हणाला, “याने आपल्याला इतक्या दूरवर आणले. त्याला हसणारा मी कोण?”

ब्राह्मणाने मान डोलावली. ऊर्णेने केळीचे पान मांडले. निवाराचा वाफाळता भात, वर तूप, भाजलेले कंद, दही, मध. प्रघाताप्रमाणे यजमान अतिथीच्या शेजारी पंक्तीला बसला, अर्थात रिकाम्या पानावर. ब्राह्मणाने पहिला घास उचलला, तोच तुंदिलाच्या पोटातून मेघगर्जनेसारखा आवाज आला.

ब्राह्मणाचा हात थांबला. “कोण भुकेलेला आहे इथे?”

“कोणी नाही. ते माझे पोट. दुष्ट आहे मेले. आपण जेवावे.”

ब्राह्मणाने घास पानावर ठेवला आणि तो ताडकन उठला. “हा पंक्तिभेद आहे! एका पंक्तीत दोन अतिथी बसवलेस. एकाला तूप-भात आणि दुसऱ्याला शिव्या! अशा पंक्तीला मी जेवत नाही!”

तुंदिलाच्या पायांखालची जमीन सरकली. भरल्या पानावरून उठलेला अतिथी त्याने जन्मात पाहिला नव्हता. “दुसरा अतिथी कुठे आहे, भगवन्? दाखवा. मी त्याचे पाय धरतो!”

“मीच तो!” ब्राह्मण गरजला, आणि त्याचा देह प्रज्वलित झाला, जटांच्या जागी ज्वाळा, नेत्रांच्या जागी निखारे. “मी वैश्वानर अग्नी! प्राण्यांच्या जठरात वास करून त्यांचे अन्न पचवतो तो मी. तुझ्या जन्माच्या दिवशी तुझ्या घरी आलो. तू मला रूपावरून नावे ठेवलीस, घास मोजलेस, बारा वर्षे मुठी हाणल्यास. एकदा तरी म्हणालास, आलात, बरे झाले? मी उपाशी राहिलो आणि तुझ्याच वचनाने रोजचे तप रोज माझ्याकडे येत गेले. ब्रह्मदेवापर्यंत पोचायला मागे उरले काय?”

बारा वर्षांचे तप! तुंदिलाचे डोळे लाल झाले. “चोरा!” असे ओरडून शाप देण्यासाठी त्याने कमंडलू उचलला, पण कमंडलू जमिनीपासून वीतभर वर गेला आणि हातातून गळून पडला. सगळे पाणी त्याच्याच पायांवर सांडले.

“शाप द्यायलाही अंगात जोर लागतो,” ऊर्णा म्हणाली. “आधी जेवा, मग भांडा.”

तुंदिल खाली बसला. ओल्या पायांकडे त्याची नजर गेली. हजारो लोकांचे पाय त्याने धुतले होते. हे दोन नुसते पाण्यात बुचकळून काढीत असे. एक नख उपटलेले, टाचा फाटून रक्त साकळलेले, पंचाग्नीत उजवा घोटा भाजलेला. हेच पाय दुसऱ्या कोणाचे असते तर तो रडला असता. आणि मग तो रडलाच. त्याने एक पाय मांडीवर घेतला, बोटांच्या बेचक्या स्वच्छ केल्या, भेगांना तूप लावले, मग दुसरा. पोटावरची लोंबती कातडी हाताने सावरली. बोलताना मात्र तो फार अडखळला. नदीकाठच्या भिकाऱ्याला सहज म्हणता येणारे शब्द घशाबाहेर येईनात. शेवटी हळूच म्हणाला, “आलात… बरे झाले. बसा.”

“वाढू?” ऊर्णेने विचारले.

“वाढ. सावकाश वाढ. पाहुणा फार दिवसांचा उपाशी आहे.”

तिने पातळ पेज वाढली, मग मऊ भात, मग तूप. अग्नीही पुन्हा ब्राह्मण होऊन शेजारी बसला, आणि दोघे पोटभर जेवले. तुंदिलाच्या मिशीला दही लागले, ते ऊर्णेने पाहिले आणि मुद्दाम सांगितले नाही.

तृप्त झाल्यावर अग्नी म्हणाला, “तुंदिला, अतिथी प्रसन्न झाला. तुझे बारा वर्षांचे तप मी परत देतो. तुला हवा होता तो सुवर्णकांती, क्षुधारहित देह माग. या क्षणी देतो.”

ज्याच्यासाठी सगळा अट्टहास केला ते समोर उभे होते. तुंदिलाने पोटावर हात ठेवला.

“भगवन्,” तो म्हणाला, “याला बारा वर्षे छळले. आता कुठे याने माझ्या घरी दोन घास खाल्ले, आणि लगेच याला हाकलून देखणा पाहुणा आत घेऊ? माझ्याच्याने होणार नाही. हाच राहू दे. पुन्हा सुटला तरी राहू दे. आणि तप परत देत असाल तर ते सगळ्यांत वाटा. जो कोणी आपल्या देहाला शिवी न देता जेवेल, त्याचा प्रत्येक घास यज्ञात पडलेल्या आहुतीइतका पुण्यकारक होवो.”

“तथास्तु,” अग्नी म्हणाला. “आणि मी आल्याची खूण म्हणून, जेवणानंतर त्याच्या पोटात थोडी ऊब ठेवून जाईन.”

असे म्हणून तो अंतर्धान पावला. बाहेर नाही, तुंदिलाच्या आतच.

वर्षभरात मुनीचे पोट पूर्ववत गोल झाले आणि तो पुष्कळ वर्षे जगला. अग्नीनेही शब्द पाळला. म्हणून आजही पोटभर जेवून उठलेला माणूस, राजा असो की गुराखी, काही न ठरवता पोटावरून हात फिरवतो. आत ऊब लागते. तो हात म्हणजे घरच्या पाहुण्याला केलेला नमस्कार आहे.