मडक्यातला फणस

विसाजीपंत खोत दर पाडव्याला कुळांची शेतं आपसांत बदलून देत. कुळानं एका जागी हक्क सांगू नये, म्हणून ही वाडवडलांची वहिवाट.

यंदा भरल्या बैठकीत ते कडाडले, "आळशी मेले! सगळा डोंगर उघडा. एकानं तरी झाड लावलंय?"

"मी लावलंय, धनी." म्हातारी ठकू पुढे आली. डोक्यावर मडकं, मडक्यात गुडघाभर फणसाचं रोप. "नवरी होऊन आले तेव्हा माहेरची आठळी पेरली. शेत बदललं की मडकं डोक्यावर घ्यायचं नि चालायचं. माझे केस पिकले, फणस एवढाच राहिला."

खोत खदखदून हसले. "अगं खुळे, असा फिरवून फणस धरतो होय? त्याला एका जागी खोल मुळं सोडू द्यावी लागतात!"

"चारचौघांत बोललात, बरं झालं." ठकूनं मडकं त्यांच्या पायाशी ठेवलं. "आता ती जागा दाखवा."

सगळी कुळं बघत होती. अखेर खोतांनी डोंगरावरच्या एका जागेकडे बोट केलं.

ठकूनं तिथं रोप लावलं, आणि पुढंमागं जिथं सावली पडेल, तिथं उन्हातच जाऊन बसली.