फुलवंतेचा कोपरा

तलावाच्या पाळीवरची ती म्हातारी चिंच रोपटं होती, तेव्हाची ही गोष्ट. दोन पावसाळे कोरडे गेले आणि गावच्या तलावानं तळ दाखवला. डोमाजी पाटलांनी दवंडी पिटली, सगळ्यांनी फावडी घेऊन या, मुरूम लागेस्तोवर गाळ काढायचा, म्हणजे पाणी जास्त साठेल. बोलणं काही खोटं नव्हतं.

पण फुलवंता ढिवरीण मासे धरत या तलावातच लहानाची मोठी झालेली. तिला ठाऊक होतं, उन्हाळ्यात शिंपला चिखल पांघरून निजतो आणि पाणगोगलगाय दाराला झाकण लावून घेते. पाणी आलं की तेच जागे होतात, तेच पाणी निवळवतात. गाळाबरोबर ते शेतात गेले, कावळ्यांनी टिपले, तर गावानं प्यायचं काय?

"मालक, पुरा तलाव खोदा," ती म्हणाली. "खाटेएवढा एक कोपरा तेवढा सोडा."

"किड्यांसाठी?" पाटील हसले. "आज तुला कोपरा, उद्या साऱ्या गावाला."

फुलवंता कोपऱ्यात जाऊन मांडी घालून बसली, ती बसलीच. फावडी तिच्या गुडघ्यापाशी येऊन थांबली. तिची सून रोज नदीच्या वाळूतल्या झिऱ्यावरून घागर आणायची. त्यातलं ओंजळभर फुलवंतेच्या पोटात, बाकीचं चिखलात. असं म्हणतात, चाळीस दिवस तिनं तोंडातून शब्द काढला नाही. बाईला वेड लागलं, असं लोक बोलत. तिला ते ऐकू येई, वाईटही वाटे. पण उठली नाही.

मग पाऊस आला, तलाव भरला. पाणी हिरवं, घाण वासाचं, बैलसुद्धा तोंड लावीनात. घराघरात लेकरं आजारी पडली. फुलवंता छातीभर पाण्यात तशीच बसलेली. आणि असं म्हणतात, तिच्याभोवती आधी ताटाएवढं पाणी नितळ झालं, मग खाटेएवढं, आणि नवव्या दिवशी पार समोरच्या पाळीपर्यंत तळाचा मुरूम दिसू लागला.

डोमाजी पाटील धोतर खोचून स्वतः पाण्यात उतरले. "चल फुलवंता, घरी चल."

"कोपरा?" तिनं एवढंच विचारलं.

पाटलांनी ओंजळीत पाणी घेतलं. "माझ्या नातवाचा नातूही इथं फावडं लावणार नाही."

तेव्हा ती उठली. कुणी म्हणतात, ती तिथंच पाण्यात विरून गेली. म्हणोत बापडे. ढिवराची बाई पाण्यात हरवते होय?

आजही गाळ काढायचा झाला, तर आधी त्या कोपऱ्याभोवती चार काठ्या रोवतात. गावातली एखादी सून तिथं घागरभर पाणी ओतते आणि मगच पहिलं फावडं पडतं. गेल्या उन्हाळ्यात बाहेरगावचा मशीनवाला विचारत होता, एवढाच तुकडा का सोडायचा?

"तिथं आमची बाई बसली आहे, बाप्पा," पाळीवरून कुणीतरी सांगितलं.

त्याला तिथं कुणी दिसलं नाही. तरी त्यानं मशीन वळवलं.