तांबडी, पांढरी आणि हॉर्न

गाड्यांमध्ये कॅसेट वाजायच्या त्या दिवसांत सांगलीच्या दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात दोन जपानी सेडान शेजारी उभ्या असत. तांबडी पळायला जबरी, तर पांढरी इतकी अलगद की घाटातही डुलकी लागावी. जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला दोघींपैकी एकच जाणार होती, त्यामुळे त्यांची जुंपली.

“पळतेस गं, पण तुझा हॉर्न? त्यापेक्षा शेळी बरी!” पांढरी म्हणाली.

“आणि तुझा? जत्रेतली पिपाणी!” तांबडी उसळली.

तेवढ्यात मिस्त्रींनी दोघींची बॉनेटं उघडली आणि कपाळावर हात मारला. “अरे, रंग देताना उतरवलेले हॉर्न मी उलटेच बसवले की! पाच वर्षं हिचा तिला आणि तिचा हिला!”

“म्हणजे शेळी मीच?” पांढरी पुटपुटली.

“आणि पिपाणी मी!” तांबडी इतकी हसली की तिचे वायपर हलले.

मिस्त्रींनी पाना उचलला, तशा दोघी एकदम ओरडल्या, “राहू द्या हो, मिस्त्री!”

मेळाव्यासाठी चिठ्ठीत तांबडीचं नाव निघालं. फाटकातून बाहेर पडताना तिनं लांबलचक हॉर्न दिला.

“ऐकलंत ना?” पांढरी बाकीच्या गाड्यांना ऐटीत म्हणाली. “मीपण निघाले!”