भर दुपारी पारखलेली बॅटरी

प्राणी अजून शिंकायचं झालं तरी सभा घेत, त्या काळातली गोष्ट. बिळाच्या अंधारात साळूबाईचे काटे तिच्याच पिल्लांना टोचत. म्हणून सुतारपक्ष्याने बांबूच्या कांड्यात एक काजवा बसवून तिला मुठीत मावेल अशी बॅटरी करून दिली. पण उजेड किती असावा, हे सभेने ठरवायला हवं होतं. सभापती कोंबडेराव तिन्हीसांजेलाच झोपत, म्हणून सभा भर दुपारी माळावर भरली.

साळूबाईने झाकण काढलं.

"लागली का?" कोंबडेरावांनी विचारलं.

"लागलीय की, रावसाहेब."

"मग दिसत का नाही? काजवे वाढवा!"

दहा झाले, शंभर झाले. कांडं पुरेना, तेव्हा भोपळा पोखरला.

"अहो, मला बिळापुरताच उजेड हवाय," साळूबाई काकुळतीला आली.

"सभेला दिसत नाही, तो उजेड कसला?" कोंबडेरावांनी तुरा उडवला. हजाराव्या काजव्याला भोपळा उन्हातही जरा चमकला आणि ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

रात्री साळूबाईने बिळात झाकण काढलं मात्र, पिल्लं डोळे झाकून रडायला लागली. उजेडाचा लोट बाहेर गेला. झाडावर कोंबडेराव दचकून उठले, आरवले आणि त्यांनी तातडीची सभा बोलावली. साळूबाई उघडा भोपळा घेऊन सभेला येताच ते म्हणाले,

"लख्ख उजाडलंय आणि बॅटरी कसली लावतेस, बाई? बंद कर आधी!"

साळूबाईने झाकण लावलं. गुडुप अंधार झाला आणि सभापती बोलता बोलता घोरू लागले.

मग साळूबाईने भोपळ्यातला एक काजवा काट्याच्या टोकावर बसवला आणि कुणाला न विचारता ती घरी गेली.