भुरक्याने पळवलेला पडदा

रानात अजून पायवाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गंमत. रोज तिन्हीसांजेला साळिंदरआजोबा गुहेत काजवे जमवून त्यांच्या उजेडात पानांच्या बाहुल्या नाचवत. गुहेच्या तोंडाशी कोळ्यांनी विणलेला पडदा होता. त्यावर सावल्यांचा खेळ रंगे.

भुरक्या माकडाला खेळातल्या राजाचं शेपूट फारच आखूड वाटायचं. एकदा त्याने कोळशाने पडद्यावर लांबलचक शेपूट काढलं. राजा पुढे सरकला, शेपूट मात्र तिथेच राहिलं! मग ते राणीला लागलं, हत्तीला लागलं, शेवटी कासवालाही लागलं. सगळं रान हसून लोळलं.

भुरक्या चिडला. "आता अख्खा खेळच घरी नेतो!" म्हणत त्याने पडदा पळवला, आपल्या झाडावर टांगला आणि भावंडांना समोर बसवलं. कितीतरी वेळ झाला, पण पडद्यावर काहीच हललं नाही.

मान खाली घालून तो पडदा घेऊन गुहेत परत आला. "आजोबा, खेळ गेला कुठे?"

"जाईल कुठे? माझ्या हातातच आहे. पडद्यावर नुसती सावली येते, बाळा. काही बदलायचं असेल तर आत येऊन मला सांग."

दुसऱ्या दिवशी खेळात नवी बाहुली आली. डोक्यावर पडदा घेऊन पळणारं माकड, आणि त्याचं शेपूट या टोकापासून त्या टोकापर्यंत! सगळ्यांत जोरात भुरक्याच हसला.